ओल्या भिंतीला पाठ

मातीच्या भिंतीतून उष्णता पलीकडे जायला किती वेळ लागतो, एवढंच मोजायला आम्ही दोघी आलो होतो. संस्थेच्या आवारात अगदी मागे दोन खोल्यांचं एक घर आहे. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या एका उस्ताद गवंड्यानं तिकडच्या पद्धतीनं ते वीस वर्षांपूर्वी बांधलं. पायाशी रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या भिंती, गिलावा करताना पाय ठेवायला बाहेर काढलेली लाकडी टोकं, छताजवळ मुठीएवढ्या झरोक्यांची रांग. बाहेर बेचाळीस अंश असताना आत अठ्ठावीस. पंखा नाही, काही नाही. एका रुग्णालयाचे वॉर्ड मला असेच थंड ठेवायचे होते.

नकाशे काढायला धाकटी, माझी बहीण, सोबत होती. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून तिचा अभ्यास, आजारपणं, रुसवेफुगवे सगळं माझ्याच गळ्यात. कटकट करते मी, पण तिच्याशिवाय मला दुसरं कोणी नाही.

दोन्ही खोल्यांत मिळून चोवीस सेन्सर होते. मधल्या भिंतीतला सतरा नंबरचा वेडेवाकडे आकडे दाखवायला लागला, म्हणून सोमवारी सकाळी मी तो बदलला आणि गवंडीकाकांकडून वर माती लिंपून घेतली. काका त्या उस्तादांच्या हाताखाली शिकलेले.

"वाळेपर्यंत पाठ टेकायची नाही," ते म्हणाले. "हात चालतो. पाठ नाही. उस्ताद फार चिडायचे."

"का पण?"

"ते कधी सांगितलं नाही. एकदा मी टेकायला गेलो, तर कानाखाली वाजवली."

काका दुसऱ्या कामाला गेले. सेन्सर नीट लागलाय की नाही, हे मला लगेच बघायचं होतं. त्यासाठी आधीच माहीत असलेली उष्णता लागते, आणि माणसाच्या अंगाइतकी हुकमी उष्णता दुसरी कुठली?

"पाठ टेक गं जरा," मी म्हटलं.

"तुझ्या संशोधनापायी माझ्या नव्या कुडत्याचा बळी," धाकटी कुरकुरली आणि टेकून बसली. आकडा चढत गेला आणि छत्तीस पूर्णांक नऊवर थांबला.

"पास!" मी म्हटलं. ती उठली, पाठीवरची माती झटकायला लागली.

आकडा उतरला नाही.

दुपारी तोच. संध्याकाळी तोच. मंगळवारी सकाळी मी सेन्सर पुन्हा बदलला, तर नवाही छत्तीस पूर्णांक नऊच म्हणाला. मग चहाचा कप देताना धाकटीची बोटं माझ्या बोटांना लागली. ती भिंतीसारखी गार होती.

संस्थेच्या डॉक्टरांनी तीन थर्मामीटर वापरून पाहिले. अठ्ठावीस. "या तापमानाला माणूस शुद्धीवर नसतो," ते म्हणाले, "आणि या मला चहात साखर कमी होती म्हणून सांगतायत." त्यांनी मोठ्या रुग्णालयात फोन लावला. तिथून उत्तर आलं, थर्मामीटर बदला, आणि अगदीच शंका असेल तर उद्या संध्याकाळी घेऊन या. डॉक्टरांनी सहाची गाडी सांगून ठेवली.

धाकटीला हसू आवरेना. मी मात्र आतून हादरले होते. बाहेर ऊन आग ओकत असताना ती अठ्ठावीस, दिवस मावळल्यावरही अठ्ठावीस. तो आकडा मला पाठ होता. तो त्या खोलीचा होता.

मी काकांना गाठून चूक कबूल केली. त्यांनी हातावरची वाळकी माती खरवडून काढली.

"ओली भिंत घेतलेलं धरून ठेवते, बाई. वाळली की सोडते. उद्या वाळेल."

"नक्की सोडते?"

"घेतलेलं सगळं सोडते."

कुठल्या बाजूनं, ते मी विचारलं नाही. सात वर्षं भिंतींच्या अभ्यासात घालवलेली बाई मी, मला ते विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी आठला मी धाकटीला बरोबर त्याच जागी पाठ टेकून बसवलं. मांडीवर लॅपटॉप घेतला, तिचा हात हातात धरला. ती मध्येच डुलक्या काढायची, मध्येच मला चिडवायची. तिच्या खांद्यामागचा ओला गिलावा हळूहळू फिका पडत गेला.

पाचच्या सुमारास सतराचा आकडा हलला.

छत्तीस. चौतीस. तीस.

"परत येतंय गं!" मी ओरडले. मला रडूच फुटलं. आकडा अठ्ठावीसवर येऊन थांबला. मी थर्मामीटर तिच्या काखेत धरला.

अठ्ठावीस.

मग मी पडद्यावर पलीकडच्या खोलीचे आकडे पाहिले. ती खोली रिकामी, तिचं दार अंगणात उघडणारं. याच भिंतीच्या मागच्या अंगाला, धाकटीच्या पाठीच्या नेमका पलीकडे, एकोणीस नंबर होता.

छत्तीस पूर्णांक नऊ.

तो उतरला आणि वीस चढला. वीस कोपऱ्यात होता, उभ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

वीस उतरला. एकवीस चढला.

बावीस. तेवीस.

चोवीस दाराच्या चौकटीशी होता. चढला. उतरला.

पलीकडचं दार करकरलं. माझ्याच्यानं उठवेना. थोड्या वेळानं अंगणात गाडी आल्याचा, मग तिचं दार लागल्याचा आवाज झाला आणि काकांची हाक आली, एकदम मोकळ्या आवाजात.

"बाई, चला आता! धाकट्या बाई बसल्यासुद्धा गाडीत. हातात ऊब आलीय बघा त्यांच्या!"

माझ्या हातातला हात तसाच गार होता. धाकटीनं हाक ऐकली. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई," ती म्हणाली, "मग मी कुठे बसू?"