चौदा पट्ट्या, तेरा ड्रॉपर

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती तर मी त्यात स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावरचा सोमवार. सकाळचे साडेसहा. करमाडजवळच्या दूध संकलन केंद्रावर मी तपासणीला असते. जनावराला दिलेलं अँटिबायोटिक दुधात उतरलंय का, ते बघायचं. ड्रॉपरने थोडं दूध कपात घ्यायचं, पट्टी बुडवायची. दोन रेषा आल्या तर दूध चांगलं. दुसरी रेषा उमटली नाही तर दूध बाद.

दर दुधाला नवा ड्रॉपर. हा पहिला नियम.

त्या दिवशी कारभारीभाऊंच्या दुधाची दुसरी रेषा आली नाही. गायीला सुया चालू आहेत, त्यांनीच कबूल केलं.

त्यांच्यामागे मनकर्णाबाई. एक गाय, एक किटली.

त्यांचीही रेषा आली नाही...

लहान लेकरांच्या तोंडी हे दूध जातं, कळत नाही का, असं मी रांगेसमोर त्यांना सुनावलं. आवाज चढवून.

"पोरी, मही गाय आजारीच नाय पडली. पुन्यांदा बघ की."

मी बघितलं नाही. टँकर निघायची घाई होती. दूध मोरीत ओतलं.

दुपारी वापरलेला माल मोजून टाकायला बसले.

पट्ट्या चौदा.

ड्रॉपर... तेरा.

कारभारीभाऊंचाच ड्रॉपर मी मनकर्णाबाईंच्या दुधात बुडवला होता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोलले नाही. नोकरी जाईल, लोक हसतील. उद्या सांगू म्हणत सोळा दिवस काढले. तोवर गावाने त्यांचं नाव 'सुईवाली' पाडलं होतं.

सतराव्या दिवशी त्या झोपेतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग संपली. सगळं दूध गार करायच्या टाकीत गेलं होतं. मी एकटीच आवरत होते.

मागे... किटलीची कडी वाजली.

वळून पाहिलं. ओटा रिकामा.

पट्ट्या मोजल्या. अकरा.

ड्रॉपर... बारा.

बाराव्यात दूध होतं. आत्ताच धार काढल्यासारखं कोमट. ते कपात टाकलं, पट्टी बुडवली.

दोन रेषा. ठसठशीत.

तेव्हापासून रोज एक ड्रॉपर जास्त निघतो. नव्या पाकिटातले मात्र मी वापरले तेवढेच कमी झालेले असतात.

गेल्या आठवड्यापासून मनकर्णाबाईंची सून रूपा दूध आणते. सगळ्यांच्या मागे उभी राहते. काल हळूच म्हणाली, "ताई, आमचं दोनदा तपासा. समद्यांसमोर. लोक अजून बोलत्यात."

दोनदा तपासलं. दोन्ही वेळा दोन रेषा. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. रांगेतले सगळे माझ्याकडेच बघत होते.

"दूध चांगलंय," एवढंच म्हणाले.

मागे... कडी वाजली.

मागे कोण आहे ते मला ठाऊक होतं. वळून त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली.