पंचाची मुलगी पिवळ्यांच्या गर्दीत

आन्सेल्मोची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या बाबांना आंधळा म्हणत होता.

तेही हळू आवाजात नाही. बाकावर चढून, दोन्ही हात तोंडाशी धरून, गळ्याच्या शिरा ताणून. "अरे आंधळ्या! बॉल गुडघ्याखालून गेला! घरी बायकोला तरी ओळखतोस का?" मग खाली उतरताना त्याचा पाय घसरला, आणि त्याच्या हातातला गरम, तळलेला किपे फुटून आतला खिमा माझ्या पिवळ्या स्कर्टवर सांडला.

"अरे देवा... भाजलं का?"

"नाही. पण डाग पडला."

"पिवळ्यावर पडलाय ना, मग शुभच. आज आपण जिंकणार!"

आपण! मी नुसती मान हलवली.  फलंदाजाच्या मागे, होम प्लेटपाशी जाळीचा मुखवटा घालून वाकलेला तो पंच माझा बाप आहे, हे या पिवळ्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

सांतियागोत त्या रविवारी दुपारी बेसबॉलच्या अजिंक्यपदाचा शेवटचा सामना होता, घरचे पिवळे आणि राजधानीचे निळे. आम्ही दक्षिणेकडच्या बानी गावचे, म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. गेल्या मोसमात कुणीतरी भिरकावलेल्या बाटलीनं बाबांचा कान फाटला, तेव्हापासून आईनं सामन्यांचं नाव टाकलं होतं. या वेळी तिनं मला सोबत पाठवलं. "तू बरोबर असलीस, नोएलिया, तर उगाच शूरपणा करणार नाहीत ते," ती म्हणाली. आणि मैदानाच्या दारात बाबांनी बजावलं, "आत गेलं की मी तुझा कुणी नाही. पिवळं घाल, पिवळ्यांत बस. सगळे शिव्या देतील तेव्हा तूही दे. गप्प बसलेलं माणूस लगेच नजरेत भरतं." पंचांच्या घरी मुलांना हेच शिकवतात.

"तू ओरडत का नाहीस?" आन्सेल्मोनं विचारलं. डोळे इतके काळे, की मला त्यांच्याकडे बघायला नको वाटत होतं... आणि बघत तर होते.

"मला... येत नाही."

"फेला आत्या, ऐकलंस? हिला शिव्या येत नाहीत!"

त्याच्या पलीकडे बसलेल्या जाडजूड फेला आत्यानं जपमाळ थांबवली. "मग शिकव की तिला. बोलण्यावरून बानीची दिसतेस, बाळे. आंबे खाऊन खाऊन जीभ गोड झाली असेल." आणि लगेच बाबांकडे वळून ती कडाडली, "मेल्या, निळ्यांनी किती दिले रे तुला?" मग पुन्हा जप सुरू.

"पोटातून आवाज काढायचा," आन्सेल्मो म्हणाला. "म्हण, 'चोरा!'"

"चोर..."

"हे काय? चोराची माफी मागतेयस का? पुन्हा."

मी ओरडले. आवाज फाटला. बाबांची मान जरासुद्धा वळली नाही, पण त्यांनी ऐकलं असणार. माझा आवाज ते हजारात ओळखतात. आन्सेल्मो टाळ्या वाजवत हसला, आणि एवढ्या भीतीतही मला ते हसू आवडलं. स्वतःचाच राग आला मला.

ढोल वाजत होते. डोंगरावरून गार वारा येत होता. आन्सेल्मोनं माझ्यासाठी कॉफी आणली, वाऱ्याच्या बाजूला सरकून बसला, मोठे फटके बसले की माझं मनगट धरायचा आणि भानावर येऊन सोडायचा. "तुझा हात केवढा गार पडलाय... एवढी काळजी आपल्या टीमची?"

"हो," मी म्हटलं. इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

शेवटच्या डावात निळे एका धावेनं पुढे होते. पिवळ्यांचे तीनपैकी दोन गडी गेले होते, एक धावपटू दुसऱ्या बेसवर. फटका उजवीकडे लांब गेला आणि सगळं मैदान उभं राहिलं. धावपटू वळला, बॉलच्या आधी होम प्लेटला हात टेकवून धाव घ्यायला सुटला, तिकडून बॉल परत यायला निघाला...

आणि मी डोळे मिटले. खरंच मिटले. मला बघवेना.

डोळे उघडले तेव्हा धूळ होती, धुळीत पालथा पडलेला धावपटू होता, आणि बाबांची वळलेली मूठ हवेत होती. आउट! सामना संपला. पिवळे हरले.

 डबे उडाले, बाटल्या उडाल्या. एक बाबांच्या खांद्यावर बसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा!"

पुढच्या रांगेतला माणूस वळला. "कोण बाबा? कुणाचा बाबा?"

 आन्सेल्मो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. त्याला कळलं होतं.

"अरे, तिचा बाप तिकडे वर बसलाय, काळीज दुबळं आहे त्याचं!" फेला आत्या ठणकावून बोलली. "तू पुढे बघ!" आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ऊठ पोरी. निघ इथून."

आन्सेल्मोनं मला कॉफीवाल्यांच्या बोळातून मागच्या फाटकाकडे नेलं.  मी विचारलं, "खरं सांग... तो आउट होता? मी पाहिलंच नाही."

तो भिंतीकडे बघू लागला. "मला... नीट दिसलं नाही."

 बाबा चुकले असतील तर? सगळं गाव त्यांना चोर म्हणतंय, ते खरं असेल तर?

फाटकाबाहेर दोन पोलीस बाबांना आमच्या गाडीपर्यंत नेत होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. पण पिवळ्या टोप्यांचा घोळका आडवा आला. त्यातल्या एकानं आन्सेल्मोला ओळखलं. "अरे, हा आपल्या गल्लीतला! अगदी प्लेटच्या मागे बसला होता. सांग रे याच्या तोंडावर, सेफ होता ना, आउट नव्हता ना?"

सगळे थांबले. नुसतं "हो" म्हणायचं होतं त्याला, बस. 

"आउट होता," आन्सेल्मो म्हणाला.

"काय?"

"हात प्लेटवरून गेला, टेकला नाही. मी पाहिलं. आपण हरलो." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मग जे काही बाबांच्या वाट्याला यायचं होतं, ते त्याच्याकडे वळलं. विकला गेलास, गद्दार... कुणीतरी त्याची टोपी ओढली, कुणीतरी तोंडावर ठोसा मारला. पोलिसांनी आम्हाला गाडीत कोंबलं. "बाबा, तो!" मी किंचाळले. बाबांनी गाडी सरळ घोळक्याला भिडवली, मागचं दार उघडलं आणि गरजले, "पोरा, आत बस!"

गाव मागे पडलं. मी मागे त्याच्याशेजारी बसून त्याच्या ओठावरचं रक्त टिपत होते.

"आत बोळात खोटं बोललास," मी कुजबुजले.

"घाबरलो गं. म्हटलं, 'आउट' असं तोंडातून निघालं की आम्ही हरलोच. मग बाहेर तुझा चेहरा दिसला... आणि तुझ्यासमोर पुन्हा खोटं बोलवेना."

तंबाखूच्या शेतांपाशी बाबांनी अचानक गाडी कडेला घेतली. ते मागे वळले नाहीत.  

"पोरा... हात टेकला नव्हता, हे तू स्वतः पाहिलंस?"

"हो, डॉन एउसेबियो," तो म्हणाला, बाबांचं नाव आदरानं घेत.

"शपथ?"

"आईची शपथ."

बाबांनी कपाळ स्टिअरिंगवरच्या हातांवर टेकलं. "धूळ फार होती रे," ते म्हणाले. "शेवटचं तेवढं मला दिसलं नाही. मूठ वर गेली, आणि तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही."

मला वाटायचं, आमच्या घरात भीती फक्त आईला आणि मलाच वाटते. मी एक हात बाबांच्या खांद्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं आन्सेल्मोचा हात धरला, सगळ्यांदेखत. सगळे म्हणजे बाबाच. त्यांनी आरशात पाहिलं, डोळे पुसले, आणि गाडी बानीच्या रस्त्याला घातली.