सोबतीचा खडा

होसकोट्याच्या त्या यार्डात पांढरी कॅराव्हॅन उभी होती आणि सुचेता आतल्या गाद्या दाबून बघत होती. शनिवारची सकाळ, लख्ख ऊन. घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं. गाडीचा मालक शिवाप्पा कौतुकाने सांगत होता, "चार बेड है मॅडम. किचन, टॉयलेट, सब सरी, एकदम ठीक. आप कितने लोग?"

"तीन," तिचा नवरा शुभंकर फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

चौथी असती. ही सहल मुळात तिचीच. सुचेताच्या सासूबाई कमलाताई पुण्याहून महादेवपुऱ्याच्या फ्लॅटवर राहायला आल्या तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, चाकांवरचं घर घेऊन एखाद्या तळ्याकाठी राहू या. शुभंकर "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचा. मग त्या अर्धा कप चहा पिऊन वर बशी झाकायच्या आणि म्हणायच्या, "उरलेला निघताना घेईन." चहाही राहिला आणि सहलही. ज्येष्ठात त्या गेल्या, आणि लेकाला वेळ मिळाला तो दिवाळीनंतर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

सुचेताला मात्र ही सहल वेगळ्याच कारणासाठी हवी होती.

चितेभोवती फिरताना ज्या खड्याने मडकं फोडतात, तो अश्मा. दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस मानायचं आणि दहाव्याला पाण्यात सोडायचं. दहाव्याला शुभंकरची मीटिंग होती. "इथल्या लेक्समध्ये नुसता फेस असतो गं, आईला तिथे कसं सोडायचं? वीकेंडला बघू," म्हणत त्याने खडा खिशातून घरी आणला आणि बाल्कनीतल्या कुंडीत ठेवून दिला. घरीच थांबलेल्या बाबांना सांगितलं, सोडला. तो वीकेंड काही उगवला नाही. त्याचे वडील, शरच्चंद्र, रोज संध्याकाळी दिव्याला हात जोडून म्हणायचे, "सुटली बिचारी." त्या एवढ्या समाधानावर म्हातारा तग धरून होता. खरं कळलं असतं, तर मुलाचं तोंड त्यांनी पुन्हा पाहिलं नसतं. म्हणून सुचेताने ठरवलं होतं की तळ्यात गुपचूप खडा सोडायचा आणि हे पाप एकदाचं मिटवायचं.

हल्ली तिन्हीसांजेला बाल्कनीत विझवलेल्या ओल्या लाकडांचा वास यायचा. शुभंकर म्हणे, शेजारी कोणीतरी कचरा जाळतं.

पुढच्या शनिवारी, निघायच्या सकाळी, ती कुंडीपाशी गेली. मातीत नुसता खळगा होता.

खाली गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. "तीन तिगाडा काम बिगाडा," ते हसून म्हणाले. "तिघांनी निघू नये गं. कुंडीतला खडा घेतलाय, चौथा." शेजारच्या रिकाम्या सीटवर रुमाल अंथरून त्यांनी तो ठेवला होता. "म्हटलं, चल, तूही चल."

सुचेताने तो लगेच ओळखला. शुभंकरनेही खडा ओळखला आणि नजर वळवली. नजर वळवण्यात तो पहिल्यापासून तरबेज.

वनखात्याच्या उद्यानात पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. आभाळ भरून आलेलं, तळं काळंभोर, एक लाट नाही. काठाला शेवाळाचा वास होता. आणि गाडीत, सगळ्या खिडक्या उघड्या असूनही, तोच ओला, धुरकट वास भरून राहिला होता. बाबांना डुलकी लागलेली पाहून सुचेताने खडा उचलला. दिवसभर एसीत राहूनही तो कोमट होता, कुणाच्या तरी मुठीत असल्यासारखा.

"आई, माफ करा..." काठाशी जाऊन ती पुटपुटली आणि तिने पाण्यावर हात सैल केला. डुबुक. सगळे रातकिडे एकदम गप्प झाले.

परतताना तिला हलकं वाटलं. खूप महिन्यांनी पोटभर श्वास घेता आला. बाहेर खुर्च्या मांडणाऱ्या शुभंकरला ती हळूच म्हणाली, "सुटलो." त्याने नुसता अंगठा वर केला.

आत बाबा जागे होते. टेबलावर चहाचे चार कप.

"बाबा... चौथा कोणाला?"

"आधी टॉवेल दे गं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तिचे पाय भिजलेत... पाणी फार गार आहे म्हणते."

"कोण... कोण म्हणतं, बाबा?"

बाबांनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "शुभू म्हणाला होता, दहाव्यालाच सोडलं तिला." त्यांनी सीटवरचा रिकामा रुमाल उचलला. "मग आज तू काय सोडलंस, सुचेता?"

बाहेर खुर्च्यांचा आवाज थांबला होता.

"त्याला म्हणावं, आजपासून मला बाबा म्हणू नकोस." एवढं बोलून त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसे थोडे सरकले.

सुचेताने टेबलाकडे पाहिलं. तीन कप काठोकाठ भरलेले, वाफाळते. चौथ्यावर बशी झाकलेली. तिने ती उचलली.

कप अर्धा होता. आणि सकाळी त्यांना घरी निघायचं होतं.