भिंतीपलीकडे फेकलेला युझू

प्रेमाला भिंत अडवू शकत नाही. आमच्या गावच्या न्हाणीघरातली, बायका-पुरुषांच्या हौदांमधली भिंत तर छतापर्यंत पोचतही नाही. लाकूड कमी पडलं होतं.

युझूचा, म्हणजे लिंबाच्या जातीच्या पिवळ्या फळाचा, हंगाम होता. डागाळलेली, बाजारात न जाणारी फळं आम्ही गरम पाण्यात सोडतो. त्या आंबटगोड वासानं हाडंसुद्धा सैलावतात. पलीकडच्या हौदातल्या तोरामात्सू आजोबांसाठी मी एक फळ भिंतीवरून फेकलं. लागलं भलत्याच डोक्याला.

"आई गं! तुमच्याकडे फळं झाडावरून पडतात की बायकांकडून?"

"झाडाला काटे असतात."

"आणि तुम्हाला?"

मी हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाले. गावात माझ्या वयाचं कुणी उरलंच नव्हतं. असलं विचारणार कोण?

तो किइची. रस काढायच्या यंत्रावर हंगामापुरता आलेला. दिवसा समोर आला की नुसती मान लववायचा, मीही लववायचे. संध्याकाळी मात्र भिंतीवरून —

"सायोसान, आज काट्यांनी हात किती ओरबाडले?"

"बघितलं नाही. मलम लावायला कुणी असतं, तर बघितलं असतं…"

"टाका इकडे."

"हात आहेत ते, फळं नव्हेत!"

तो हसायचा. पाणी हलायचं. घरी एकटीच्या ताटाशी मला तेच पाणी ऐकू यायचं.

वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी सारं गाव युझूच्या पाण्यात न्हातं. दुसऱ्या सकाळी किइची ओसाकाला परतणार होता. बायका पांगल्यावर मी हौदात उतरले. पलीकडे पाणी हललं. बिनडागाचं, खास बाजारासाठीचं फळ मी भिंतीवरून फेकलं. कुणीतरी झेललं.

"जाऊ नका," मी म्हणाले. "माझ्या एकटीच्यानं बाग आवरत नाही. म्हणजे… बागेचं निमित्त आहे."



"पोरी," तोरामात्सू आजोबा खाकरले, "तो दुपारच्याच बसनं गेला गं. उद्या बर्फानं घाट बंद होणार, असं रेडिओवर सांगितलं ना."

"…काही म्हणाला?"

"जाण्याआधी इथंच आला होता. भिंतीकडे तोंड करून 'सायोसान, सायोसान' करत होता. मी म्हटलं, अरे, भर दुपारी कोण न्हातंय? बागेत जा की! तर लाजला."

मी पाण्यावरचं एक डागाळलेलं फळ जवळ ओढलं.

"फळ परत टाकू?"

"राहू द्या, आजोबा."

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला नाही.