एका वेळी एकच चेहरा

मयुराची स्कुटी घोलवडच्या रस्त्याला लागली की गावाला कळायचं, आज कोणाचा तरी कॉम्प्युटर रुसलाय. डहाणूपासून तलासरीपर्यंत घरोघरी जाऊन ती हेच रुसवे काढायची. कोणाचा पासवर्ड हरवलेला, कोणाच्या प्रिंटरनं कागद चावून धरलेला, कोणाचा फॉर्म शेवटच्या पानावर येऊन नुसता गोल गोल फिरत राहिलेला. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिनं गिऱ्हाइकाच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. मनात मात्र रोज म्हणायची.

हरिश्चंद्रकाका हे तिचं लाडकं गिऱ्हाईक. निवृत्त मुख्याध्यापक, चिकूच्या वाडीतलं बैठं घर, आणि घरात आता एकटेच. आनंदीकाकू श्रावणात गेल्या. आज तीस नोव्हेंबर, काकांच्या हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस. पेन्शनवाल्या माणसानं आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी कळवायचं असतं. आज नाही कळवलं, तर उद्यापासून काका कागदोपत्री नसल्यातच जमा.

"सकाळपासून चार वेळा केलं," काका म्हणाले. "यंत्र अंगठाच घेत नाही. चाळीस वर्षं अंगठेबहाद्दरांना सही शिकवली, आता माझाच अंगठा कोणी ओळखेना."

"वयानं रेषा पुसट होतात, काका. चेहऱ्यानं करू. साइटवर सोय आहे तशी."

गेल्या वर्षी अंगठ्यानंच झालं होतं. काकांनी यंत्रावर अंगठा ठेवला, तशी काकूंनी उजव्या बाजूला बसून त्यांच्या हाताला आपली बोटं लावली होती. पूजेला नवऱ्याच्या हाताला बायको लावते ना, अगदी तशी. मयुराला हसू आवरलं नव्हतं. "अहो काकू, हा सत्यनारायण नाहीये."

"असू दे गं," काकू म्हणाल्या होत्या. "यांचं एकट्याचं कुठलं काम कधी धड झालंय?"

फार मायेची बाई. चिकूची पिशवी हातात दिल्याशिवाय त्यांनी मयुराला कधी उंबरा ओलांडू दिला नाही.

बारा वाजत आले होते. वाडीत चिकू उतरवणारी माणसं जेवायला गेली, क्रेटांची आदळआपट थांबली आणि घर एकदम गप्प झालं. ओटीवर पिकत ठेवलेल्या चिकूंचा गोड, जड वास खोलीत साचून राहिला होता. अशा वेळी खरं तर डोळ्यांवर झापड यावी. मयुराला मात्र, का कोण जाणे, अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटलं.

तिनं कॅमेरा लावला. स्क्रीनवर काका दिसले आणि त्यांच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आली. चेहरा सापडला की साइट अशी चौकट काढते. मग डोळे मिटून उघडायला सांगते. चौकट हिरवी झाली की काम फत्ते. पण खाली लाल अक्षरं उमटली, 'एका वेळी एकच चेहरा असावा.'

काकांच्या उजव्या बाजूला आणखी एक चौकट होती. शेजारच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीवर, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल, बरोबर तिथं.

"मागं कॅलेंडरवर गणपती आहे, तोच धरला असणार," मयुरा म्हणाली आणि तिनं कॅलेंडर उतरवलं. चौकट तिथंच. तिनं खुर्ची लांब सरकवली. चौकट तिथंच, हवेत. मग तिनं आपल्या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं औषध दिलं, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. तेही लागू पडलं नाही. शेवटी काकांना ओटीवर नेऊन तिनं स्वतःचा लॅपटॉप समोर धरला. कॉम्प्युटर वेगळा, कॅमेरा वेगळा, भिंत वेगळी. चौकट त्यांच्या उजव्या बाजूला आली. नीट पाहिलं तर ती जराशी वरखाली होत होती... श्वास घेतल्यासारखी.

दोघं खोलीत परतली. मयुरानं खुर्चीसुद्धा परत जागेवर ठेवली; का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"केवढ्या उंचीवर आहे गं ती?" काकांनी विचारलं.

"तुमच्या... कानाइतकी."

"मग तीच." काका घाबरले नव्हते. उलट त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता.

"काका, आज राहू दे का?"

"आज शेवटचा दिवस आहे. तिला सांगावंच लागेल." ते स्क्रीनवरच्या चौकटीकडे पाहत होते. "श्रावणापासून मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही, मयुरा. उत्तर आलं नाही तर काय करायचं, या भीतीनं."

मग ते खुर्चीकडे वळले. "आनंदी," ते हळूच म्हणाले, "हात सोड जरा... एवढं माझं मला करू दे."

चौकट हलली नाही. आणि मग कोणीतरी उठावं तशी खुर्चीचा वेत करकरला. चौकट सावकाश सरकत स्क्रीनच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली.

'डोळे मिटा,' साइटनं लिहिलं. काकांनी मिटले, उघडले. चौकट हिरवी झाली. दाखला पहिल्या फटक्यात छापून आला. हरिश्चंद्रकाका हयात होते.

काकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "झालं ना? आता बोलव तिला."

"काका, अहो..."

"मी घालवलं तिला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "नुसता कॅमेरा लाव गं, पोरी."

नको म्हणायला हवं होतं, हे मयुराला कळत होतं. पण त्या चेहऱ्याला नको कोण म्हणणार? तिनं साइटचं तेच पान पुन्हा उघडलं.

एकच चौकट आली, काकांच्या चेहऱ्यावर. काकांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली, बैठक हातानं पुसली आणि वाट पाहत बसले. वाडीत पानही हलत नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्यावरची चौकट हलली, सरकत सरकत रिकाम्या खुर्चीवर गेली आणि तिथं थांबली. काका स्क्रीनवर लख्ख दिसत होते, सकाळी केलेल्या दाढीसकट. त्यांच्याभोवती काहीच नव्हतं. या वेळी लाल अक्षरंही आली नाहीत.

'डोळे मिटा,' एवढंच आलं.

"बघ, आली," काका हसून म्हणाले, आणि त्यांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले.

रिकाम्या खुर्चीवरची चौकट हिरवी झाली.

"झालं काका, उघडा आता," मयुरा म्हणाली.

मग तिनं पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं.