मधला काळोख

"कॉम्प्युटर कळतो म्हणून तर हिला पसंत केली. पण लगेच विषय काढू नका. घरात रुळू दे आधी."

सासूबाई हे सासऱ्यांना सांगत होत्या, कुकरची शेवटची शिट्टी होऊन गेल्यावर स्वयंपाकघरात जी शांतता पडते त्या शांततेत. सून अजून गच्चीवर कपडे वाळत घालते आहे असा त्यांचा समज होता. सून रिकामी बादली घेऊन दाराबाहेर उभी होती.

तिला आधी हसूच आलं. बघायला आले होते तेव्हा याच सासूबाईंनी मुलगी शांत आहे, समजूतदार आहे, असं चारचौघांत कौतुक केलं होतं. स्थळ बघताना लोक रंग बघतात, उंची बघतात. या घरातला कॉम्प्युटर बिघडला होता एवढंच. दुरुस्तीवाला बोलवायचा तर तो सांगितलेल्या दिवशी कधी येत नाही, त्यापेक्षा सून आणलेली बरी, असा हिशेब असेल. ती पाय न वाजवता चार पावलं मागे गेली, बादली मुद्दाम खडखडवली आणि मग आत आली. दोघं लगेच भाजीबद्दल बोलायला लागले.

लग्नाआधी ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. त्यामुळे यंत्राची तिला भीती नव्हती. माणसांचं मात्र तिला अजून जमलं नव्हतं. नवीन घरात कुणी तिला वाईट वागवत नव्हतं, टोचून बोलत नव्हतं. पण बोलताना सासू, सासरे, नवरा, तिघांचीही नजर तिच्या खांद्यावरून मागे जायची, तिच्यामागून आणखी कुणी येणार आहे आणि ते कुठे अडकलं असं बघितल्यासारखी. या माणसांनी एकदा तरी आपल्याकडे नीट बघावं, आपल्याला या घरातली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. कुणाजवळ बोलून दाखवण्याइतकं ते मोठं नव्हतं, म्हणून ती गप्प राहायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा तिच्याजवळ येऊन जरा वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "अगं, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर बघशील का जरा? चालू होतो, पण नीट होत नाही."

"ताईंचा?"

"हो. ताईचा."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. काही वर्षांपूर्वी आजारपणात गेली, एवढंच सुनेला माहीत होतं. घरात तिचा एकही फोटो लावलेला नव्हता, आणि विषय निघाला की कुणीतरी उठून पाणी प्यायला जायचं.

"मी येऊ सोबत?" त्याने विचारलं, पण अशा आवाजात की नको म्हटलं तर बरं.

"कशाला? तुम्ही बसा टीव्ही बघत. झालं की हाक मारते."

खोलीत शिरल्यावर आधी वास आला. कपाळाला लावायच्या बामचा, आणि बराच वेळ चालून तापलेल्या धुळीचा. खिडकीच्या काचांवर आतून काळा कागद चिकटवला होता, कडांना पट्टी मारून, अगदी नीटनेटका. भर दुपारी आत अंधार. दाराशेजारी भिंतीवर एक छोटा पिवळा दिवा तेवढा जळत होता. आणि कॉम्प्युटरच्या टेबलासमोर खुर्च्या होत्या. एक अगदी टेबलाशी, आणि तिच्यामागे तीन, ओळीने. मागच्या तिन्हींच्या उश्या बसून बसून दबलेल्या. टेबलाजवळच्या खुर्चीची उशी मात्र फुगीर, कुणी कधी बसलंच नसावं अशी. नाटकाला येतात की काय इथे ही माणसं, असं तिच्या मनात आलं.

तिने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. कंपनीचं चिन्ह उमटलं, त्याखाली पांढरे ठिपके गोल फिरू लागले, फिरत राहिले... आणि पडदा काळा झाला. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा घरघर, पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख.

हा रोग तिच्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकं दुकानात येऊन सांगायची, ताई, हा जागा होतो आणि परत झोपतो. ती खुर्ची ओढून बसली आणि नुसतं बघत राहिली. आधी बघायचं, मग हात लावायचा, ही तिच्या दुकानाची शिस्त होती.

तिसऱ्यांदा पडदा काळा झाला तेव्हा त्या काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. त्याच्यामागे, दाराशी, कुणीतरी उभं होतं. सासूबाई चहा घेऊन आल्या असाव्यात.

"ठेवा ना आई तिथेच," ती म्हणाली. "हात धुळीचे आहेत."

उत्तर आलं नाही. चिन्ह उमटलं, काच उजळली. ती मागे वळली. दार लोटलेलं होतं. चहा नव्हता. पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला होता, इतका बारीक की कुणी तो ऐकत नसावं.

पुढच्या काळोखात ती आकृती दाराशी नव्हती. तीन खुर्च्यांच्या अलीकडे होती. केस मोकळे, मान एका बाजूला कललेली. चेहरा दिसत नव्हता. आणि त्याच्या पुढच्या काळोखात ती सुनेच्या खांद्यापाशी वाकलेली होती, पण पडद्याकडे बघत नव्हती... तिच्या हातांकडे बघत होती. बामचा वास एकदम जवळ आला.

तिने हात मागे घेतले नाहीत. का, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. हात सवयीचे होते. तिने वायर काढली, डब्याचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली. काम सुरू झालं की भीतीला बसायला जागा राहत नाही, असं तिला नेहमी वाटायचं. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. तिने त्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, परत बसवल्या. तोच खेळ. मग एक पट्टी काढून ठेवली आणि दुसरी एकटीच ठेवली.

घरघर. चिन्ह. ठिपके. आणि पडद्यावर निळं आकाश आणि पिवळ्या फुलांचं शेत उघडलं.

दोष एका पट्टीत होता. काढलेली पट्टी टेबलावर ठेवून तिने मोठ्याने हाक मारली, या घरात पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने. "अहो, झाला. आई, बाबा, या ना बघायला."

तिघं आले. कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं असल्यासारखे त्या तीन खुर्च्यांवर बसले. सासऱ्यांनी चष्मा पुसून लावला. पिवळ्या फुलांचा उजेड तिघांच्या तोंडावर पडला, आणि तिघांची तोंडं उतरत गेली.

"आता काळा नाही होणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही ना बाबा. आता नीट झाला."

"नीट करायला कुणी सांगितलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट विझला होता. त्या मुलाकडे वळल्या. "तू काय सांगितलंस तिला?"

"सांगणार होतो. कसं सांगायचं ते..." नवरा नखं बघत होता. "तिला वेडे वाटलो असतो आपण."

"आता शहाणे वाटतोय का?" सासरे म्हणाले.

मग सासूबाईंनीच सांगितलं, हळू, थांबत थांबत. ताई गेली त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर असा वागायला लागला. आणि त्या मधल्या काळोखात ती दिसायची. दाराशी उभी. आधी तो काळोख बराच टिकायचा. गॅसवरचं दूध वर येईपर्यंत ती थांबायची, निवांत बघून घेता यायचं. आता आली आली म्हणेपर्यंत चिन्ह उमटतं. रोज थोडी कमी होत चालली आहे.

"ती जायला लागली आहे," सासूबाई म्हणाल्या. "तो काळोख जरा लांबवता येतो का, एवढंच बघायचं होतं. दुकानवाल्याला हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हटलं, घरचं माणूस असेल तर..."

घरचं माणूस. सुनेने तो शब्द ऐकला आणि बाकीचं जरा उशिरा ऐकलं.

"पण काळा पडदाच हवा असेल," तिने विचारलं, "तर बंद कॉम्प्युटरचा पडदाही काळाच असतो ना, बाबा?"

"बंद असताना येत नाही ती. बंद म्हणजे बंद." सासऱ्यांनी चष्मा काढला. "चालू व्हायचं आणि न व्हायचं, याच्या मध्ये कुठेतरी येते. गेलीही तशीच गं. डोळे उघडायची, उठते आता असं वाटायचं... आणि परत."

फुलांचं शेत आपलं झगमगत होतं.

"माझ्याजवळ आल्या होत्या," सून म्हणाली. "इथे. खांद्यापाशी."

तिघांच्याही माना एकदम वर झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते, थेट, डोळ्यांत.

"जवळ आली?" सासूबाई उठल्याच. "आमच्यासाठी तर दारातून पाऊल पुढे टाकत नाही गं ती. कितीदा म्हटलं, ये, बस..." त्यांनी सुनेचा मळका हात दोन्ही हातांत धरला. "तुला मानते ती. तू पुढे बसलीस म्हणून आली."

तो हात इतका ऊबदार होता की सुनेला नाही म्हणवेना. तिला ठाऊक होतं, वाईट पट्टी परत लावली तर जुनाच खेळ सुरू होईल, तोच लहानसा काळोख. पण चांगली काढून टाकली आणि फक्त वाईट ठेवली, तर यंत्राला उठायला आधारच राहणार नाही. ते उठायला बघेल आणि उठू शकणार नाही. किती वेळ, ते कुणी सांगावं.

"एक करून बघता येईल," ती म्हणाली.

"बघ," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी माया तिने आधी कधी ऐकली नव्हती. "तुला जमेल."

तिने चांगली पट्टी काढली, वाईट बसवली, वायर लावली. फुगीर उशीच्या खुर्चीवर ताठ बसली. मागे तीन खुर्च्या पुढे सरकल्याचा आवाज झाला. तिने बटण दाबलं.

पंखा घरघरला. चिन्ह आलं. ठिपके अर्धा फेरा फिरले, आणि काळोख झाला.

झाला, आणि राहिला. पंखा चालूच होता, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा. काच हळूहळू खोलीने भरली. मागे सासरे, सासूबाई, नवरा, तिघांचे पुढे वाकलेले चेहरे दिसत होते. त्यांच्यापुढे, टेबलाजवळच्या खुर्चीत, मोकळ्या केसांची, मान कललेली बाई बसली होती.

सुनेने त्या काचेत स्वतःला शोधलं. सापडायला वेळ लागला. अगदी मागे, पिवळ्या दिव्याखाली, दाराला टेकून कुणीतरी उभं होतं. अंगावर तिचीच साडी होती.

तेव्हा तिला कळलं की पाठीला जे टोचतं आहे ती खुर्ची नाही. दाराची कडी आहे.

"आलीस?" सासूबाई खुर्चीतल्या पाठीशी बोलत होत्या, रडत, हसत. "किती वाळलीस गं..." सासऱ्यांनी हात पुढे करून त्या केसांवर ठेवला. तो हात आरपार गेला नाही. केसांवर टेकला, आणि तिथेच राहिला. नवरा खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता, लहान मुलासारखा, आणि काही काही सांगत होता, नोकरीचं, घराचं, मधल्या सगळ्या दिवसांचं. त्यात लग्नाचा उल्लेख नव्हता.

पडदा काळाच होता. तिने चिन्हाची वाट बघितली. दार उघडायचा प्रयत्न केला, पण कडी हातात येईना, हात होता की नव्हता तेही नक्की सांगता येईना. अंगातून काहीतरी रोज थोडं थोडं कमी होत जाणार आहे, हे तिला कुणी न सांगता समजलं.

खुर्चीतल्या बाईने मान सरळ केली, पण मागे वळून बघितलं नाही. बाकी कुणीही बघितलं नाही.

आजवर या घरात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता मात्र ती बोलली, होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून.

"अहो... आई... मी इकडे आहे, दाराशी. एकदा मागे वळून बघा ना."