आठवा डबा

घारूताईंच्या कचेरीत येणारी माणसं बहुधा दारातच रडायला लागत, नाहीतर दारातच भांडायला. धाकटीने यातलं काहीच केलं नाही. ती आत आली, बसली आणि पत्र्याचा एक चपटा गोल डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "यातलं गेलंय."

कंपाउंडरने झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"शेवटचं रीळ. माझ्या चित्रपटाचं. सहा वाजता खेळ आहे, काका."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

कंपाउंडर दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज इथेच बसायचा. घरी सुनेच्या पायात पायात येण्यापेक्षा घारूताईंचं ऐकून घेणं त्याला परवडे. घारूताई तीस वर्षं खाजगी तपासाचं काम करत होत्या. डोळे घारे, म्हणून घारूताई. कुणी म्हणे, नजर घारीची, म्हणून. त्या स्वतः दोन्ही मान्य करत.

धाकटीचा चित्रपट गावात कुणाला ठाऊक नव्हता? दोन वर्षांपूर्वी तिने इथल्याच गल्ल्यांत त्याचं शूटिंग केलं होतं. नाभिकाच्या दुकानापासून शाळेच्या घंटेपर्यंत सगळं त्यात आलं होतं. मोठ्या शहरात त्याचं कौतुक झालं, वर्तमानपत्रांत रकाने भरून आलं आणि गाव रुसलं. "आमची गटारंच दिसली का हिला?" असं लोक म्हणू लागले. नाभिक मात्र शहरात जाऊन तो तीनदा पाहून आला. त्यात त्याचं डोकं मागून दिसतं म्हणे.

पण धाकटीला गावाची फिकीर नव्हती. तिला फिकीर होती आईची.

कथा तिच्या घरचीच होती. बाप एका पहाटे बॅग घेऊन घराबाहेर पडतो. खरोखरचा बाप तसाच गेला आणि परत आला नाही. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. ही गोष्ट पडद्यावर येणार हे कळलं त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलायची बंद झाली. दोन वर्षं! सणासुदीला सुद्धा निरोप दादामार्फत.

"परवा दादा म्हणाला, आई येते म्हणाली," धाकटी बोलत होती. "एकदाच, एवढंच म्हणाली. चित्रपटात बाबा परत येतात, घारूताई. शेवटच्या रिळात. ते नसेल तर तिला फक्त जाणं दिसेल. आणि मग ती पुन्हा कधीच..."

तिने रिकाम्या डब्याचं झाकण परत लावलं.

"उठा, कंपाउंडर," घारूताई म्हणाल्या. "छत्री राहू द्या, ऊन सोसा."

*

थिएटर जुनं होतं. मशीनची खोली बाल्कनीच्या मागे, लोखंडी जिन्यावर. खोलीचा ऑपरेटर साठीचा, लेंग्याला तेलाचे डाग आणि चेहरा प्रेताला खांदा देऊन आल्यासारखा.

"सकाळी मी आणि धाकटीनेच अख्खा चित्रपट चालवून पाहिला," तो म्हणाला. "बाराला संपला. आठही डबे या फळीवर ओळीने लावले, कुलूप घातलं, जेवायला गेलो. दोनला आलो तर आठव्याचं झाकण तिरकं."

"किल्ली?"

"तिकीट खिडकीमागच्या खिळ्याला. वीस वर्षं तिथेच असते."

"म्हणजे कुलूप फक्त शोभेला. बाकीच्या डब्यांना हात लावलात?"

"धाकटीने लावू दिला नाही."

घारूताईंनी पहिला डबा उघडला. मग दुसरा. मग ओळीने सातही. प्रत्येक रिळाचं बाहेरचं टोक पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं होतं. फिल्मच्या कडेची बारीक भोकं असतात ना, त्यांतून दोरा ओवून, वर छोटीशी गाठ.

"सुबक बांधता हं," कंपाउंडर कौतुकाने म्हणाला.

"मी?" ऑपरेटर चक्रावला. "मी चिकटपट्टी लावतो. ही बघा, झाकणाला आतून लावून ठेवलीय कुणीतरी."

घारूताईंनी तिसऱ्या रिळाची गाठ सोडली, हातभर काळी पट्टी उलगडली आणि पुढचा तुकडा झरोक्याच्या उजेडात धरला. बारीकशी चित्रं दिसली. शाळेचं पटांगण, रिकामं.

"ही रिळाची सुरुवात?"

"नाही, शेवट. सकाळी चालवलं ना? चालवलं की शेवट बाहेर येतो. उलटं गुंडाळायचं काम मी खेळाच्या आधी करतो, एकेक जोड बोटाने चाचपत. आमचे वस्ताद तसंच करायचे."

"छान सवय," घारूताई म्हणाल्या आणि डबा मिटला.

कंपाउंडरला यात छान काय ते कळलं नाही. पण त्याने मान डोलावली. ती त्याची सवय होती.

खाली तिकीट खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, की बारा ते दोन तीनच माणसं आली. धाकटीचा दादा आईसाठी हातांची खुर्ची ठेवायला आला, पोस्टमास्तर आपल्या दहा जागा बघायला आले आणि मावशी पडद्याची झालर शिवायला. "मी डबा खात होतो," तो म्हणाला. "कोण वर गेलं ते पाहिलं नाही."

*

पोस्टमास्तरांनी चित्रपटात बापाचं काम केलं होतं. शहरातल्या एका वर्तमानपत्राने त्यांच्या अभिनयाला 'कपाटाइतका बोलका' म्हटलं होतं. ते कात्रण त्यांच्या खिशातच निघालं.

"शेवटच्या प्रसंगाला शहरात चार जण हसले," ते शिक्के मारता मारता म्हणाले. "मोजले मी. आणि आज माझे सगळे व्याही येणार! रीळ गेलं म्हणता? खोटं कशाला बोलू, छातीवरचा धोंडा उतरला."

"त्या शेवटच्या प्रसंगाच्या शूटिंगला कोण कोण होतं?"

"मी, कॅमेरावाला आणि धाकटी. तिघंच. आईचं काम करणारी नटी दुपारच्या बसने निघून गेलेली. मी बॅग घेऊन उंबऱ्यावर उभा राहतो आणि आतून बाईचा हात येऊन बॅगेच्या कडीवर पडतो. तिथेच चित्रपट संपतो. हात कुणाचा घ्यायचा? शेवटी धाकटीनेच आपला दिला."

"पहाटे निघून जाण्याच्या प्रसंगातही हात आहे का?"

"छे! तेव्हा सगळी झोपलेली असतात. मी आपला चोरासारखा सटकतो."

बाहेर आल्यावर कंपाउंडर कुजबुजला, "ताई, हाच! कारण आहे, कबुलीही दिली निम्मी."

"निम्मी कबुली देणारा माणूस बहुधा पूर्ण निर्दोष असतो. चला."

*

दादाचा पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. कागदाचे गठ्ठे, खळीचा वास, आणि टेबलावर पांढऱ्या दोऱ्याचं मोठं रीळ. कंपाउंडरने ते रीळ पाहिलं आणि घारूताईंना कोपराने ढोसलं. त्यांनी त्याचा कोपर बाजूला केला.

"चित्रपट जाळीन म्हणाला होतास चौकात," घारूताईंनी सुरुवात केली.

"म्हणालो होतो." दादाने मान वर केली नाही. "शहरात पाहायला गेलो होतो मी. पडदा उघडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच बाबा निघाले घरातून. मी कसाबसा मध्यंतरापर्यंत बसलो आणि उठलो. आमच्या घरातली जखम, ताई, चारशे लोक चणे खात बघत होते."

"मग आज खुर्ची का नेलीस?"

आता त्याने वर पाहिलं. "आईची पाठ दुखते. तिथल्या खुर्च्यांना हात नाहीत. उठताना काय धरेल ती?"

"शेवट पाहिलाच नाहीस?"

"नाही. आणि कुणी सांगूही नका."

*

मावशी ही आईची धाकटी बहीण, तिच्या शेजारीच राहायची. शिवणाचं मशीन, बाहीला टोचलेली सुई, तोंडात अखंड बडबड. चित्रपटातले सगळे कपडे तिनेच शिवले होते.

"पोरीवर माझा जीव आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं मीही दोघींच्या मध्ये दूत झालेय. हिला म्हणावं ती जेवली, तिला म्हणावं ही बरी आहे."

"शहरात जाऊन पाहिलात चित्रपट?"

"नाही गं बाई. मला बसमध्ये मळमळतं. आणि ताईशिवाय कशी पाहू? ती पाहील तेव्हा मी पाहीन, म्हटलं होतं."

"शूटिंग तरी पाहिलंत?"

"कपडे देऊन घरी. गर्दीत मला चालत नाही." मावशीने कापड दाबाखाली सरकवलं. "एक सांगते, पोरीने केलं ते चांगलंच केलं असेल. पण दारात बॅग धरून उभी राहिलेली बाई गावाला दाखवायची काय गरज होती? माणसाची काही लाज असते. बरं, चहा टाकू?"

"नको," घारूताई हळूच म्हणाल्या. "पाच वाजता थिएटरवर या मात्र."

परतीच्या वाटेवर कंपाउंडरने दादा, दोरा, चौकातली धमकी असं सगळं पुन्हा एकदा जुळवून दाखवलं. घारूताई म्हणाल्या, "तुमचं गणित बरोबर आहे. फक्त पुस्तक दुसरं उघडलंत."

*

पाच वाजता मशीनच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी फळीला टेकून उभी होती, रंग उडालेली. दादा, पोस्टमास्तर, मावशी, ऑपरेटर. कंपाउंडर जिन्यावरच, निम्मा आत निम्मा बाहेर.

"कुणाला पोलिसात द्यायचं नाही," घारूताई म्हणाल्या. "आधीच सांगते, म्हणजे श्वास मोकळे घ्याल. पोस्टमास्तर, तुम्हाला शेवटचं रीळ नकोसं होतं. पण तुम्ही ते नेलं नाहीत."

"कशावरून?" पोस्टमास्तर थोडे नाराजच झाले.

"तुम्हाला माहीत आहे की शेवटचं रीळ आठव्या डब्यात. डब्यांवर आकडे आहेत. तुम्ही आठवा उचलला असता आणि जिना उतरला असता. इथे पहिल्यापासून सातही डबे उघडले गेले. नेणाऱ्याला आकडा ठाऊक नव्हता. त्याला एक चित्र हवं होतं. प्रत्येक टोक उजेडात धरून ते शोधलं, आणि आठव्यात सापडलं."

"मग दादा!" कंपाउंडरच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, दोरा तर यांच्याकडे..."

"दोरा दोन घरांत आहे. दादाला बोचलं ते बापाचं जाणं, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत येतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. तो पहिला डबा घेऊन गेला असता. पुढचे सात कशाला चाळेल?"

दादाने कंपाउंडरकडे असं पाहिलं, की कंपाउंडर एक पायरी खाली उतरला.

"आता ऑपरेटरची सवय आठवा. सकाळी चालवलेली रिळं गुंडाळलेली नव्हती. म्हणजे बाहेरच्या टोकाला सुरुवात नाही, शेवट होता. आठव्याच्या टोकाला काय? चित्रपटाचं अगदी शेवटचं चित्र. उंबऱ्यावर पुरुष, हातात बॅग, कडीवर बाईचा हात. पडद्यावर पाहिलं तर कळतं, की तो परत आलाय आणि ती बॅग आत घेतेय. पण नखाएवढं थांबलेलं चित्र हातात धरलं तर? आलाय की निघालाय, कसं ओळखायचं? ती घेतेय की अडवतेय?"

"चित्रपट पाहिलेल्याला हे चित्र लपवावंसं वाटणार नाही. तेव्हा नेणाऱ्या माणसाने चित्रपट पाहिलेला नाही. पण चित्र पाहिलंय." घारूताई मावशीकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "चित्रपटात जाताना बॅग कुणीच धरत नाही, मावशी. घर झोपलेलं असतं. बॅगेवरचा हात फक्त आठव्या रिळात आहे, आणि ते टिपताना तिथे तिघंच होती. तुम्ही तो कुठे पाहिलात?"

मावशीने बाहीवरची सुई काढली, पुन्हा टोचली.

"खरा पाहिला होता," ती म्हणाली. "त्या पहाटे मी तिथेच होते. ताईने बॅगेची कडी धरली होती. त्याने तिचं एकेक बोट सोडवलं. पाच बोटं. ते मी आणि तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी पडदा शिवता शिवता मनात आलं, पोरीने ते तर घातलं नसेल ना? म्हणून वर आले. शेवटच्या डब्यात अगदी तेच! सगळ्या गावासमोर ताईने भीक मागायची? माझ्याच्याने बघवेना."

"मी जागी होते, मावशी," धाकटी म्हणाली. "जिन्यावर. मी पण पाहिलं होतं. म्हणून तर चित्रपटात सगळ्यांना झोपवलं. आईची बोटं सोडवलेली कुणाला दिसू नयेत म्हणून."

दादा तिच्याकडे बघत राहिला. ही पाच बोटं त्यालाही नवीन होती.

मावशीने तोंडावर हात घेतला. "मग ते..."

"ते बाबांचं परत येणं आहे गं. खरं झालं नाही म्हणून मी केलं."

"आणि बाकीची टोकं का बांधलीत?" ऑपरेटरला राहवेना.

"चिकटपट्टी परत चिकटेना," मावशी रडत रडत म्हणाली. "पोरीची मेहनत अशी सुटी कशी टाकू? जाळायलाही हात धजला नाही. पडद्यामागे जुन्या झालरीत गुंडाळून ठेवलंय."

ऑपरेटर जिन्यावरून उतरला तो कंपाउंडरला ओलांडूनच.

*

सहाला दहा कमी असताना आई आली. हातांच्या खुर्चीत बसली, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मावशी. दादा मध्यंतराला उठला नाही. धाकटी मात्र भिंतीला लागून उभीच राहिली. कंपाउंडरला मागून फक्त आईचा पांढरा अंबाडा दिसत होता. तो पहिल्या पाच मिनिटांत हलला नाही आणि शेवटच्या पाच मिनिटांतही नाही. पडद्यावर पोस्टमास्तर उंबऱ्यावर रडले, कुणी हसलं नाही. नंतर ते हीच गोष्ट आठवडाभर सांगत होते.

दिवे लागले. लोक उठले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी गटारांबद्दल बोललं. आई बसूनच. धाकटी दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

आईने मान न वळवता विचारलं, "शेवटी तो हात कुणाचा?"

"माझा," धाकटी म्हणाली.

"वाटलंच. करंगळी माझ्यासारखी वाकडी आहे."

मग तिने खुर्चीचा हात सोडला आणि उठण्यासाठी आपला हात धाकटीपुढे केला. दादा मदतीला उठत होता. मावशीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"चला, कंपाउंडर," घारूताई म्हणाल्या. "इथे आता शोधण्यासारखं काही उरलं नाही."

कंपाउंडर खिशात रुमाल शोधत होता.